निरोप

श्रावणात संपादकांचा फोन आला. "दिवाळी अंक आहे, तेव्हा यंदा तुमच्या पानावर एखादा प्रसन्न शब्द घ्या. रोषणाई घ्या की!" ते म्हणाले. त्यांचे म्हणणे काही वावगे नव्हते. वर्षभर या पानावर मी शब्दांची कुळेमुळे सांगत असतो आणि वाचक मोठ्या मनाने ती ऐकून घेतात. मागे 'कुलूप' या शब्दावर लिहिले होते, तेव्हा साताऱ्याच्या एका आजोबांनी चार पानी पत्र पाठवून माझी चांगली कानउघाडणी केली होती. अशा वाचकांना दिवाळीत रोषणाई द्यायला हवी हे मलाही पटले. त्याच रात्री कोश घेऊन बसलो.

रोषणाई फारसीतली. मूळ शब्द 'रोशन'. त्याचे कूळ फार जुने आहे. त्याच कुळातला आपल्याकडचा धातू 'रुच्', म्हणजे प्रकाशणे. जे उजळते ते डोळ्यांना बरे वाटते, म्हणून पुढे 'रुचणे' आणि 'रुची'. ग्रीकांच्या घरी याच कुळातला 'ल्यूकॉस' आहे. त्याचा अर्थ उजळ, पांढरे. इथवर मजेत आलो आणि कोश मिटून ठेवला. कारण ल्यूकॉसला 'हैमा' म्हणजे रक्त हा शब्द जोडून रूडॉल्फ फिरखो या जर्मन वैद्याने १८४७ साली जे नाव घडवले, ते नाव ज्येष्ठातच आमच्या घरात येऊन बसले होते. ल्युकेमिया. पांढरे रक्त.

माझी थोरली बहीण नाशिकला असते. आम्ही तिला अक्का म्हणतो. तिचा मुलगा नंदू तेवीस वर्षांचा, नुकता नोकरीला लागलेला. त्याला महिनाभर ताप येत-जात होता, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, मग रक्त तपासले आणि सगळे कळले. पुढचे सांगत नाही. ज्यांच्या घरी हे घडले आहे त्यांना सांगायला नको, आणि इतरांच्या घरी घडू नये.

तरीही एक रात्र सांगणे भाग आहे, कारण आजचा मजकूर तिथूनच निघतो.

नंदूला पहिली किमो झाली होती. सात दिवस एक औषध, त्यातल्या पहिल्या तीन दिवशी जोडीला दुसरे, अशी ती असते. या औषधांनी रोगाच्या पेशी मरतात, आणि त्यांच्याबरोबर चांगल्याही मरतात. एक घन मिलिमीटर रक्तात एरवी चार हजार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात. नंदूच्या दोनशे उरल्या होत्या. वॉर्डात सगळे याला 'काउंट' म्हणतात. सकाळी भेटले की तिथे कुणी 'कसे आहात' असे विचारीत नाही, 'काउंट किती?' असे विचारतात. रात्री साडेअकराला अक्काचा फोन आला.

"झोपला होतास का रे?"

"नाही गं. बोल."

"उद्यापासून काउंट वाढवायचं इंजेक्शन सुरू करणार म्हणतात. शेजारच्या खाटेवरच्या मुलाचे वडील शिकलेले आहेत. त्यांनी कुठंसं वाचलं, की या रोगाच्या पेशी तसलंच औषध स्वतःच तयार करतात आणि त्याच्यावरच वाढतात. मग आपण वरून आणखी कशाला घालायचं? आगीत तेल ओतल्यासारखंच नाही का ते?"

"डॉक्टरांना विचारलंस?"

"विचारलं. काळजी करू नका म्हणाले." थोडा वेळ ती गप्प राहिली. "तू प्रोफेसर ना? मग बघ ना जरा."

अक्काच्या लेखी प्रोफेसर म्हणजे प्रोफेसर. मराठीचा काय, नि रसायनाचा काय.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या बाईंना गाठले. बाई शिस्तीच्या आहेत. स्टाफरूममध्ये चहा घेतानासुद्धा कपाखाली बशी नसेल तर कप हातात धरीत नाहीत. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "सर, त्या गृहस्थांनी वाचलं ते खोटं नाही. अर्धंच वाचलं, एवढंच. बसा." तिसऱ्या तासाची घंटा झाली, चौथ्याची झाली. माझा एक तास बुडाला. मुलांनी तक्रार केली नाही.

बाईंनी सुरुवात स्वयंपाकघरापासून केली. पुडिंग घट्ट करायला आपण चायना ग्रास घालतो ना, त्यालाच प्रयोगशाळेत अगर म्हणतात. १९६०च्या सुमारास हाडांच्या आतला मगज, म्हणजे अस्थिमज्जा, शरीराबाहेर वाढवून पाहावी असे अनेकांच्या मनात होते. रक्ताच्या सगळ्या पेशी तिथेच जन्माला येतात. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला रे ब्रॅडली नावाचे संशोधक अगरमध्ये ल्युकेमियाच्याच पेशी वाढवायच्या खटपटीत होते आणि त्यांना आधार म्हणून खाली मज्जेच्या पेशी घालत होते. वाढायच्या त्या पेशी राहिल्या बाजूलाच. आधाराला घातलेल्या मज्जेतूनच पांढऱ्या पेशींचे पुंजके उगवले. यजमानाला बोलवावे आणि आचाऱ्यानेच पंगतीला बसावे, तसे झाले. ब्रॅडलींनी ही गोष्ट डोनाल्ड मेटकाफ यांना दाखवली आणि १९६६ साली दोघांनी मिळून ती प्रसिद्ध केली. त्याच सुमारास इस्राएलमध्ये लिओ साक्स यांच्या प्रयोगशाळेतही स्वतंत्रपणे हेच दिसून आले होते.

महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. मज्जेच्या पेशी अगरमध्ये एकट्या ठेवल्या तर वाढत नाहीत, मरतात. शेजारी दुसऱ्या कुठल्या पेशी असल्या, किंवा त्यांच्यातून झिरपलेला द्राव असला, तरच त्या वाढतात. म्हणजे पांढऱ्या पेशीला वाढायचे तर कुणीतरी बाहेरून काही द्यावे लागते, आणि ते क्षणोक्षणी द्यावे लागते. पुरवठा थांबला की पेशी मेली. मेटकाफ यांनी उरलेले आयुष्य हे 'काहीतरी' शोधण्यात घालवले. १९५४ साली एका कर्करोग संस्थेची शिष्यवृत्ती घेऊन ते कामाला लागले होते आणि २०१४ साली वारले तोवर काम करीत होते. या द्रव्यांचे प्रमाण इतके अल्प की त्यातले एक, जीएम-सीएसएफ, उंदरांच्या फुप्फुसांपासून मिळवलेल्या द्रावातून शुद्ध करायला १९७७ साल उजाडले. पुढे १९८४ साली उंदरातले आणि १९८५ साली माणसातले त्याचे जनुक हाती आले. १९८६ साली त्याचे भावंड जी-सीएसएफ, त्याचेही जनुक सापडले. काउंट वाढवायचे इंजेक्शन म्हणजे हेच भावंड. अमेरिकेत १९९१ सालापासून ते डॉक्टरांच्या हाती आहे.

मी याला 'वृद्धिकारक' म्हणावे असे सुचवले. बाई म्हणाल्या, "म्हणा. पण अक्कांना सांगताना शिधा म्हणा."

मग बाई दुसऱ्या जातीच्या प्रथिनांकडे वळल्या, आणि तिथे माझा जीव रमला, कारण तिथे नावांचा भलता घोळ आहे. शरीरात जंतू शिरला की पहारेकरी पेशी एक प्रथिन सोडते. दूरच्या पेशींना त्यातून कळते की काही बिघडले आहे. तापाचा अभ्यास करणाऱ्यांना हे प्रथिन सापडले, तेव्हा ते म्हणाले, हे ज्वरकारक. लसिकापेशींचा अभ्यास करणाऱ्यांना सापडले, ते म्हणाले, हे लसिकापेशींना चेतवणारे. सांध्यांच्या कूर्चेवर काम करणाऱ्यांना तेच कूर्चा झिजवताना आढळले आणि त्यांनी त्याला तिसरे नाव दिले. आपल्याकडे एकाच गृहस्थाला घरी बंडू, कचेरीत बर्वेसाहेब आणि सासरी जावईबापू म्हणतात, आणि तिघांची गाठ पडेपर्यंत तो एकच माणूस आहे हे कुणालाही कळत नाही. तशातलाच हा प्रकार. शेवटी १९७९ साली स्वित्झर्लंडमध्ये एरमाटिंगेन या गावी जमलेल्या मंडळींनी 'इंटरल्यूकिन' असे नाव ठरवले. श्वेतपेशींमधले, असा त्याचा अर्थ. पुन्हा तोच ल्यूकॉस! त्यातले हे पहिले, म्हणून इंटरल्यूकिन-एक. खरे तर हे नावही चुकलेलेच आहे, कारण हे प्रथिन श्वेतपेशींच्या बाहेर सगळ्या गावाशी बोलते. पण नाव एकदा पडले की पडले. त्याचे आणखी काही सोबती आहेत. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजे टीएनएफ, हा त्यातला मोठा. या सगळ्या गोताला 'सायटोकाइन' म्हणतात.

याला मराठी काय? 'पेशीचालक' हा शब्द मी पुढे केला. बाईंनी नाक मुरडले. 'संदेशप्रथिन' म्हटले. त्या म्हणाल्या, पोस्टाच्या खात्यातले वाटते. मग मी म्हटले, निरोप्या. तो त्यांना आवडला. मलाही आवडला. मात्र घरी जाताना बसमध्ये लक्षात आले, की आपल्या भाषेने 'निरोप' या एकाच शब्दात सांगावा आणि पाठवणी अशा दोन्ही गोष्टी कोंबून ठेवल्या आहेत. अक्काशी बोलताना हा शब्द तोंडी येऊ द्यायचा नाही असे मी ठरवले.

आता निरोप्या आणि शिधा यांची गाठ कुठे पडते ते सांगतो. निरोगी शरीरात व्यवस्था साधी आहे. पहारेकऱ्याने इंटरल्यूकिन-एक सोडले. तो निरोप रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींना आणि मज्जेतल्या तंतुपेशींना मिळाला. त्यांनी लगेच शिधा तयार केला, म्हणजे जीएम-सीएसएफ आणि जी-सीएसएफ. तो मज्जेतल्या बाल-पेशींना पोचला. त्या वाढल्या, प्रौढ झाल्या आणि लढायला गेल्या. म्हणूनच साध्या न्यूमोनियातसुद्धा काउंट वर जातो. निरोप देणारा निराळा, रांधणारा निराळा, जेवणारा निराळा. जेवणाऱ्याच्या हाती कोठीची किल्ली नाही. यातच सगळी सुरक्षितता आहे.

शिवाय आणखी एक काळजी घेतलेली असते, आणि ती ऐकून मी थक्क झालो. शिधा कसा रांधायचा याची चिठ्ठी जनुकावरून उतरवून घ्यावी लागते. हिमोग्लोबिनच्या प्रथिनाची चिठ्ठी पुष्कळ टिकते. जीएम-सीएसएफची मात्र थोड्याच वेळात फाटते. ग्रे शॉ आणि रॉबर्ट केमन या दोघांनी १९८६ साली या चिठ्ठीच्या शेपटाकडचा ५१ अक्षरांचा तुकडा काढून ग्लोबिनच्या टिकाऊ चिठ्ठीला जोडला. ती टिकाऊ चिठ्ठीही लगेच फाटू लागली! म्हणजे 'वाचून झाल्यावर फाडून टाकावे' ही सूचना चिठ्ठीतच लिहिलेली असते. शिधा गरजेपुरताच रांधला जावा म्हणून ही तजवीज. धोक्याचा निरोप आला की मात्र चिठ्ठ्या जास्त निघतात आणि त्या लवकर फाटतही नाहीत. धोका संपला की पुन्हा पहिला नियम. मी पंचवीस वर्षे व्याकरण शिकवतो आहे, पण चार-दोन अक्षरांच्या प्रत्ययाने एवढे मोठे काम केलेले पाहिले नव्हते.

ल्युकेमियाची पेशी हीच घडी मोडते.

१९८०च्या सुमारास मायकेल स्पोर्न आणि जॉर्ज टोडारो यांनी एक तर्क मांडला होता, की कर्करोगाची पेशी स्वतःचा शिधा स्वतःच रांधत असावी. मेलबर्नच्या मंडळींनी १९८५ साली तो तर्क उंदरांच्या पेशींवर पडताळून पाहिला. बाहेरच्या शिध्यावाचून मरणाऱ्या पेशींमध्ये त्यांनी जीएम-सीएसएफचे जनुक घातले. त्या पेशी स्वतंत्रपणे वाढू लागल्या आणि उंदरांत सोडल्यावर त्यांच्या गाठी झाल्या. मग बॉस्टनच्या जेम्स ग्रिफिन यांच्या गटाला तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या काही रुग्णांच्या पेशी खरोखरच जीएम-सीएसएफ तयार करताना आढळल्या. हाच नंदूचा आजार. आता प्रश्न असा उरला, की त्यांना रांधायला सांगतो कोण?

याचे उत्तर हॉलंडमधल्या रॉटरडॅम शहरात मिळाले. रूड डेलवेल, बॉब लोव्हेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली रुग्णांच्या ल्युकेमिया पेशी घेतल्या आणि त्यांना इंटरल्यूकिन-एक दिले. बऱ्याच रुग्णांच्या पेशी वाढल्या. वरवर पाहता निष्कर्ष सोपा होता: इंटरल्यूकिन-एक हेच त्यांचे अन्न. पण त्यांनी एक पाऊल पुढे टाकले. इंटरल्यूकिन-एक तर दिलेच, आणि सोबत जीएम-सीएसएफला पकडून निकामी करणारे प्रतिपिंड घातले. वाढ थांबली. म्हणजे निरोप काही पोटात जात नव्हता. निरोप ऐकून पेशी स्वतः चूल पेटवीत होती, आणि शिजलेले कुणी मध्येच काढून घेतले की उपाशी राहत होती.

बाईंनी हे चहाच्या दोन बशा टेबलावर मांडून दाखवले. मला ते एखाद्या चांगल्या कथेतल्या उलगड्यासारखे वाटले. क्षणभर मी नंदूला विसरलो, हे कबूल करतो.

आणि घोळ एवढ्यावर संपत नाही. बऱ्याच रुग्णांच्या ल्युकेमिया पेशी इंटरल्यूकिन-एकही स्वतःच तयार करतात. ग्रिफिन यांच्याच गटाने १९८७ साली दाखवले होते, की पेशींनी सोडलेले हे इंटरल्यूकिन-एक ऐकून रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या निरोगी पेशीही शिधा रांधू लागतात. म्हणजे पेशी स्वतःला निरोप देते, स्वतः रांधते, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही खोटी आरोळी ठोकून कामाला लावते. ती शरीराची भाषा विसरलेली नाही. पक्की बोलते. आम्ही लोक कर्करोगाला 'बंडखोर पेशी' म्हणतो, मी स्वतःच पूर्वी याच पानावर तसे लिहिले आहे. बंडखोर कसली? गावाच्याच शिक्क्याने खोटे हुकूम काढणारा कारकून म्हणा.

अर्थात प्रत्येक रुग्णात असे होत नाही. कुठे जनुकातला बदल असा असतो, की शिधा न मिळताच पेशीला पोट भरल्यासारखे वाटते. अमेरिकेत ओरेगनच्या संशोधकांनी २०१७ साली ९४ निरोप्यांची ओळीने परीक्षा घेतली. सुमारे ६७ टक्के रुग्णांच्या पेशी इंटरल्यूकिन-एक दिल्यावर जोमाने वाढल्या, आणि निरोगी मज्जेतल्या पेशी मात्र त्याच निरोपाने दबल्या. या निरोप्याला दारातच अडवणारे औषध संधिवातासाठी २००१ सालापासून वापरात आहे. ल्युकेमियाच्या पेशींवरही प्रयोगशाळेत त्याचा परिणाम दिसतो. पण प्रयोगशाळेतल्या बशीपासून रुग्णाच्या खाटेपर्यंतचा रस्ता लांबचा आहे. ल्युकेमियाचे औषध म्हणून ते अजून रूढ झालेले नाही, आणि अक्काला मी त्याविषयी एक अक्षरही सांगितले नाही.

आता अक्काचा प्रश्न. पेशी जर हा शिधा खाऊन वाढते, तर वरून इंजेक्शन का द्यायचे?

ही भीती डॉक्टरांनाही होती, असे बाई म्हणाल्या. अनेक वर्षे या रोगात ते इंजेक्शन देताना त्यांचा हात अडत असे. मग रीतसर पाहणी झाली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत याच आजाराचे ५२१ रुग्ण होते. काहींना किमोनंतर जी-सीएसएफ दिले, काहींना नुसते पाणी. ज्यांना दिले त्यांचा काउंट २५ दिवसांऐवजी २० दिवसांत सावरला. रोग हटण्याच्या किंवा जगण्याच्या प्रमाणात काही फरक पडला नाही. चांगलाही नाही आणि वाईटही नाही. कारण बहुधा असे, की किमोनंतर मज्जा रिकामी झालेली असते, जेवायला उठणारे बहुतेक चांगलेच असतात, आणि जो चोर स्वतःच्या घरी रांधतो त्याला आपल्या शिध्याचे काय अप्रूप? पाच दिवस लवकर काउंट सावरतो, म्हणजे जंतूंना पाच दिवस कमी मिळतात. दोनशे पेशींवर जगणाऱ्या माणसाला पाच दिवस म्हणजे काय, ते वॉर्डात बसल्यावर कळते.

पुढची गोष्ट बाईंनी दारात उभ्याने सांगितली. रॉटरडॅमच्या त्याच लोव्हेनबर्ग यांनी पुढे हे उलटे करून पाहिले. झोपलेल्या पेशीवर किमो नीट चालत नाही, वाढणाऱ्या पेशीवर चालते. मग किमोच्या बरोबरच शिधा द्यावा, चोर जेवायला उठला की त्याला गाठावे! २००३ साली ६४० रुग्णांवरचा निकाल प्रसिद्ध झाला. ज्यांचा रोग हटला होता त्यांच्यात चार वर्षांनी रोगमुक्त राहिलेले ४२ टक्के होते, नुसत्या किमोवाल्यांत ३३ टक्के. एकूण जगण्यात मात्र ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही, आणि ही रीत सर्रास रूढ झाली नाही. तरी मला तो विचार फार आवडला.

संध्याकाळी अक्काला फोन केला. शिधा, आचारी, चोर, सगळे सांगितले. निरोपाऐवजी 'सांगावा' म्हटले. ५२१ हा आकडा तिने दोनदा विचारून घेतला. "म्हणजे देऊ दे म्हणतोस?" "देऊ दे." ती "बरं" म्हणाली, पण फोन ठेवीना.

मग म्हणाली, "ते तू म्हणालास ना, सांगाव्यानं ताप येतो म्हणून. मग त्याला महिनाभर जो ताप होता, तो त्या पेशींचाच सांगावा होता का रे? मी आपली गवती चहाचा काढा देत बसले. तेव्हाच ताप मोडून काढला असता, तर त्यांना खायला मिळालं नसतं का?"

इंजेक्शनच्या प्रश्नामागे हा प्रश्न उभा होता. महिनाभर उभा असावा.

याचे उत्तर मला ठाऊक होते, कारण हाच प्रश्न मी सकाळी बाईंना विचारला होता, आणि तो अक्कासाठी विचारला नव्हता. जूनमध्ये अक्काने मला फोन करून ताप हटत नाही असे सांगितले होते, तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होतो. "अगं, व्हायरल असेल, जाईल आठ दिवसांत," असे म्हणालो होतो. आठाचे सोळा झाले, तरी मी फोन केला नव्हता.

मी तिला बाईंचे शब्द सांगितले. तापाच्या गोळीने अंगाची उष्णता उतरते, पण ती मेंदूतल्या पुढच्या पायरीवर काम करते. रक्तातल्या इंटरल्यूकिनला ती हात लावीत नाही. काढा दिला काय आणि गोळी दिली काय, त्या पेशींच्या पंगतीत काही फरक पडला नसता. रोग जनुकातल्या बदलाने सुरू झाला, आणि तो बदल तापाच्या कितीतरी आधीचा. यातले एक अक्षरही खोटे नाही. मग मी म्हटले, "आणि रक्त तपासायला उशीर झाला म्हणत असशील, तर तो माझ्यामुळं झाला. व्हायरल मी म्हणालो होतो."

"तू म्हणाला होतास होय?" अक्का म्हणाली. "मला आठवतच नाही."

तिला आठवत होते. माझी थोरली बहीण आहे ती.

इंजेक्शने सुरू झाली. पहिले तीन दिवस काउंट हलला नाही, चौथ्या दिवशी चारशे झाला. पुढे पंधरवड्यात मज्जेची तपासणी झाली आणि रोगाच्या पेशी दिसत नाहीत असे डॉक्टर म्हणाले. दिसत नाहीत याचा अर्थ नाहीत असा नव्हे, म्हणून पुढच्या किमो अजून व्हायच्या आहेत. प्रत्येक किमोनंतर काउंट खाली जातो आणि अक्काचा फोन येतो. हा लेख लिहायला बसलो तो दुसरीनंतरचा नववा दिवस होता. परवा आकडा तीनशे होता. काल फोन आला नाही.

रोषणाईचे काय करावे, या विचारात होतो. तेवढ्यात सौभाग्यवती पदराला हात पुसत आतून आल्या आणि म्हणाल्या, "अहो, मघाशी वन्संचा निरोप आलाय. तुमचा फोन लागत नव्हता म्हणून माझ्याकडं केला."

माझा पेन कागदावर तसाच राहिला.

"काउंट तेराशे झाला म्हणाल्या. आणि थालीपिठाची भाजणी संपलीय, तेव्हा शनिवारी कुणी नाशिकला येणारं असेल तर दोन किलो पाठवा. गरम गरम खाल्लेलं चालतं म्हणे, डॉक्टरांनी सांगितलंय. नंदूनं काल दोन खाल्ली."